फोर्ड मॅव्हरिक: हायब्रिड की टर्बो?

2022 ची मॅव्हरिक पिकअप घेताना खरा पेच इंजिनाचा. हायब्रिडमध्ये 2.5 लिटरचं पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर मिळून 191 अश्वशक्ती, तर नुसत्या पेट्रोलवरच्या 2.0 लिटर टर्बो इंजिनात 250. ट्रेलर ओढायचा असेल तर टर्बोच: टोइंग पॅकेजसह 4,000 पौंड, हायब्रिडला फक्त 2,000.

पण रोज शहरात सिग्नलला थांबत जाणाऱ्याला मी हायब्रिडच सुचवेन. तिच्या सवयी मात्र अंगवळणी पाडाव्या लागतात. थंडीत हीटर लावला की उभ्या गाडीतही इंजिन मधेच सुरू होतं, कारण केबिनला ऊब इंजिनातूनच मिळते. हा बिघाड नव्हे! गिअर बदलल्याचा धक्का नाही. चढावर इंजिन एकाच सुरात घुमत राहतं. ब्रेक दाबला की आधी मोटर वेग कमी करून बॅटरी भरते. टर्बोत यातलं काहीच नव्यानं शिकावं लागत नाही.