लॅन पोर्ट मंदावल्यावर: यूएसबी अडॅप्टर की आतले नेटवर्क कार्ड?

केबल बदलून पाहिली, राउटरचा पोर्ट बदलला, ड्रायव्हर नव्याने टाकला आणि तरीही वायर्ड नेटवर्कचा वेग जिथल्या तिथे राहिला, तर संशय मदरबोर्डवरच्या (संगणकाच्या मुख्य बोर्डावरच्या) लॅन पोर्टकडेच, म्हणजे नेटवर्कची केबल लावायच्या खाचेकडेच जातो. तो पोर्ट दुरुस्त करण्याच्या फंदात घरगुती वापरात सहसा कोणी पडत नाही, त्याला पर्याय शोधला जातो. यूएसबीला लावायचा गिगाबिट (सेकंदाला 1000 मेगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएस किंवा 1 जीबीपीएस वेगाचा) अडॅप्टर किंवा पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये (मदरबोर्डवर जादा कार्डे लावण्यासाठी असलेल्या खाचेत) बसवायचे नेटवर्क कार्ड, असे दोन पर्याय समोर असतात. मी हे दोन्ही एकाच संगणकावर, त्याच केबलवर आणि त्याच राउटरवर वापरले आहेत आणि पुढील मते त्या अनुभवावर आधारलेली आहेत.

मात्र दोन्हीपैकी काहीही विकत घेण्यापूर्वी दोष खरोखर पोर्टचाच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. गिगाबिट जोडणीला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, तर 100 एमबीपीएसच्या जोडणीचे काम दोनच जोड्यांवर, म्हणजे 1, 2, 3 आणि 6 या पिनांवर भागते. त्यामुळे उरलेल्या जोड्यांपैकी एखादी तार तुटली किंवा पोर्टमधली एखादी पिन दबली, तर नेटवर्क बंद पडण्याऐवजी बहुधा 100 वर उतरते आणि मोठी फाइल उतरवताना वेग 94-95 एमबीपीएसच्या पुढे काही केल्या जात नाही. हा आकडा असा खिळून राहिला असेल, तर तीच केबल, ती जशी पसरलेली आहे तशीच ठेवून, दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपला लावून पाहावी. तिथे जोडणी 1 जीबीपीएसची दिसली, तर केबल आणि राउटर दोन्ही निर्दोष ठरतात. आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. लॅन पोर्टच्या सेटिंगमध्ये कोणी कधी काळी ‘100 फुल डुप्लेक्स’ (एकाच वेळी पाठवणे आणि घेणे) असे हाताने ठरवून ठेवले असेल, तर स्वयंचलित पद्धतीवर असलेले समोरचे, म्हणजे राउटरचे टोक हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकच) जाते आणि वेग 100 च्याही बराच खाली कोसळतो. अशा वेळी ते सेटिंग पुन्हा ‘ऑटो’वर आणले की काम होते, नवे काही घ्यावे लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. निव्वळ वेगाच्या बाबतीत मला दोघांत फरक जाणवला नाही. यूएसबी 3.0 ची मर्यादा 5 जीबीपीएस आहे आणि पीसीआय एक्सप्रेसच्या अगदी पहिल्या पिढीचा एकपदरी स्लॉटही गिगाबिटला पुरून उरतो, त्यामुळे दोन्ही नीट चालत असताना प्रत्यक्ष वेग 940 एमबीपीएसच्या आसपासच मिळतो. अडॅप्टरची सोय तर उघडच आहे: कॅबिनेट उघडायचे नाही, काही काढायचे-घालायचे नाही आणि उद्या लॅपटॉपला गरज पडली तर तोच काढून तिकडे लावता येतो. नुसत्या सोयीवर निर्णय करायचा असता तर मीही अडॅप्टरच ठेवला असता.

माझ्यापुरता निर्णय झाला तो संगणक स्लीपमधून जागा होण्याच्या प्रसंगावरून. जागा झाल्यावर अडॅप्टर सापडायचा, नेटवर्क चालू व्हायचे, सेटिंगमध्ये जोडणीचा वेग 1 जीबीपीएस असाच दिसायचा आणि तरीही घरातल्याच दुसऱ्या संगणकावरून फाइल घेताना वेग 300 एमबीपीएसच्या आसपास रेंगाळायचा. याचे कारण असे, की सेटिंगमध्ये दिसणारा आकडा हा अडॅप्टर आणि राउटर यांच्यातल्या जोडणीचा असतो. अडॅप्टर आणि संगणक यांच्यातला दुवा यूएसबी 3.0 वरून घसरून यूएसबी 2.0 वर आला, तर त्याचा त्या आकड्यावर काहीच परिणाम होत नाही. विंडोजमध्ये ही घसरण सहजासहजी नजरेस पडत नाही. लिनक्सवर यूएसबी उपकरणांची झाडासारखी यादी काढली की अडॅप्टरसमोर यूएसबी 3.0 च्या 5000 एमबीपीएसऐवजी यूएसबी 2.0 चे 480 लिहिलेले दिसते आणि उलगडा होतो. अडॅप्टर काढून पुन्हा लावला की सगळे सुरळीत होते, पण ते पुढच्या स्लीपपर्यंतच. हाच प्रकार प्लग हळूहळू आत सारल्यानेही होऊ शकतो, कारण यूएसबी 2.0 चे संपर्कबिंदू प्लगच्या तोंडाशी असतात आणि 3.0 चे जास्तीचे पाच संपर्कबिंदू त्यांच्या मागे असतात. वेग कमी का झाला हे शोधण्यासाठी जे साधन घ्यावे, त्यानेच वेगाचा आकडा दिशाभूल करणारा दाखवावा, ही गोष्ट मला फार खटकली. सगळेच अडॅप्टर असे वागतात असे माझे म्हणणे नाही. वीजबचतीचे सेटिंग बंद केल्यावर आणि अडॅप्टर पुढच्या पोर्टऐवजी थेट मदरबोर्डवरच्या मागच्या पोर्टला लावल्यावर माझ्याकडेही हा त्रास कमी झाला होता. तो पूर्णपणे मात्र गेला नाही.

आतल्या कार्डाच्या अडचणी वेगळ्या प्रकारच्या आहेत आणि बहुतेक सगळ्या बसवण्यापुरत्याच आहेत. ग्राफिक्स कार्ड जाड असेल तर त्याच्या खाली छोटा स्लॉट झाकला जातो. अशा वेळी मोठा स्लॉट मोकळा असल्यास हे छोटे कार्ड त्यातही चालते. कॅबिनेट अरुंद असेल तर अर्ध्या उंचीची धातूची पट्टी सोबत मिळते का, हे आधी विचारून घ्यावे, कारण ती नसेल तर कार्ड स्लॉटमध्ये बसते पण स्क्रूने पक्के होत नाही आणि केबलच्या ओढीने हलत राहते. एवढे जमले की पुढे या कार्डाकडे लक्ष द्यावे लागत नाही. स्लीपनंतर ते त्याच वेगाने परत येते, निदान माझ्याकडे तरी आजवर आले आहे. वायरलेस माउस वापरणाऱ्यांसाठी त्याचा आणखी एक फायदा आहे. यूएसबी 3.0 ची काही उपकरणे 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निर्माण करतात आणि शेजारच्याच पोर्टला माउसचा रिसीव्हर असेल तर पॉइंटर अडखळू लागतो. आतल्या कार्डाने निदान हा प्रश्न उद्भवत नाही.

लॅपटॉप वापरणाऱ्यांपुढे अर्थातच अडॅप्टरशिवाय दुसरा मार्ग नाही. ज्यांचा संगणक रोज पूर्ण बंद होतो, कधी स्लीपवर जात नाही, त्यांनाही अडॅप्टर कदाचित निर्वेधपणे साथ देईल. पण डेस्कटॉप आहे, एक स्लॉट मोकळा आहे आणि पेचकस हातात धरण्याची तयारी आहे, अशा व्यक्तीने मला विचारले तर मी कार्डच सुचवेन. ते बसवल्यावर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन मदरबोर्डवरचा जुना लॅन पोर्ट बंद करून टाकावा, म्हणजे कॅबिनेटच्या मागे हात घालून घाईत केबल लावताना ती चुकून जुन्या पोर्टमध्ये गेली, तर नेटवर्क मंद चालण्याऐवजी चालूच होणार नाही आणि चूक तिथल्या तिथे लक्षात येईल.