साइनिंग-पार्टी पॅकेज: की साइनिंग ठेवताय तर हे घ्याच

मागच्या महिन्यात पुण्यात आम्ही १८ जण एकमेकांच्या जीपीजी (मेल, फाइल्स एन्क्रिप्ट आणि सही करायचं सॉफ्टवेअर) कीज साइन करायला, म्हणजे ही की याच माणसाची आहे अशी डिजिटल सही द्यायला, जमलो होतो, आयोजन माझ्याकडे. डेबियन लिनक्समधलं साइनिंग-पार्टी पॅकेज वापरलं, खूपच कामाला आलं. आधी सगळ्यांच्या पब्लिक कीज मागवल्या, पॅकेजमधल्या जीपीजी-पार्टिसिपंट्सने सगळ्यांना पाठवायची कीजची यादी बनवली, त्यात चेकसमची (फाइलमधून काढलेला कोड, फाइल जराही बदलली तर तो बदलतो) जागा मुद्दाम रिकामी असते, प्रत्येकाने घरी स्वतः त्या फाइलचा एसएचए२५६ चेकसम काढून प्रिंटवर हाताने लिहायचा, हे सूचनांमध्ये अगदी ठळक लिहा कारण सगळं यावरच उभं आहे.

त्या दिवशी एकाने चेकसम मोठ्याने वाचला, ६४ अक्षरं, चार-चारच्या गटात, बाकीचे पेनचं टोक टेकवत आपापला कागद बघतायत, हॉल एकदम शांत. मग प्रत्येकाने यादीतला आपल्या कीचा फिंगरप्रिंट (की ओळखायचा छोटा कोड) बरोबर असल्याचं सांगितलं आणि समोरासमोर रांगा करून पासपोर्ट वगैरे तपासले. लॅपटॉप बंदच, साइन घरी जाऊन. एकजण प्रिंट न काढताच आला, दुसऱ्याचा कागद घेऊन चालत नाही ना, त्यामुळे त्याला कोणाचीच की साइन करता आली नाही, फार वाईट वाटलं. सूचना दोनदा पाठवा.

पॅकेजमधलं कॅफ, म्हणजे सह्या करून मेलने पाठवणारं टूल, मला सगळ्यात आवडलं. प्रत्येक ईमेल पत्त्याची सही वेगळी करून, एन्क्रिप्ट करून त्याच पत्त्यावर पाठवतं, म्हणजे पत्ता खरंच त्या माणसाचा आहे हेही तपासून होतं. फक्त मशीनवरून मेल जाईल असं सेटिंग आधीच करून ठेवा, माझी त्यात अख्खी संध्याकाळ गेली.