टेम्पोमागं म्हण लिहून घेतली: कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पेंटर मामांचा अनुभव

टेम्पोला नवीन हौदा बसवला तेव्हाच मागच्या फाळक्यावर कायतरी दणक्यात लिहायचं ठरलं होतं, आम्ही गुऱ्हाळावरनं गूळ भरून शाहू मार्केट यार्डात सौद्याला नेतो, दिवसभर मागं कोण ना कोण गाडी असतीच, म्हणलं वाचू देत. रेडियम नको होतं, कडा लवकर उचलतात. मग उद्यमनगरात ह्या मामांकडं गेलो. बोर्डावर नुसतं 'पेंटर' एवढंच, पण ते अक्षर बघूनच गाडी थांबवली.

मोबाईलमधली चार ओळींची शायरी दाखवली. मामा म्हणाले, "पाव्हणं, सिग्नल सुटायच्या आत वाचून झालं पायजे." आणि वही काढली. नुसत्या म्हणी! एका पानावर सगळ्या गुळाच्याच, गाढवाला गुळाची चव काय, गुळाचाच गणपती गुळाचाच नैवेद्य, गूळ नाही पण गुळाची वाचा तरी असावी. तासभर तिथंच बसलो. 'अति तिथं माती', तीन शब्द, पण ती-ती असं आपटतंय की एकदा ऐकलं की सुटत नाही. 'कामापुरता मामा, ताकापुरती आजी' म्हणलं की तांब्या घेऊन दारात गोड बोलणारा माणूसच दिसतो, त्याचं वर्णन कुठंच केलेलं नाही तरी. माझी आजी भांडणात म्हण टाकायची आणि समोरच्याला उत्तरच सुचायचं नाही, कारण ती एकट्या आजीची नसायची, अख्खं गाव बोलल्यागत अंगावर यायची.

'पायातली वहाण पायातच बरी' पण होती वहीत, त्यावर काट मारलेली. म्हणलं मामा, चपलांचं गाव आपलं, ही चालली असती की. तर म्हणाले, शाहू महाराजांनी 1902 ला मागासलेल्यांसाठी नोकरीत 50 टक्के जागा राखल्या त्या गावात माणसाला पायाखाली ठेवणारी ही म्हण मी रंगवत नाही. लै पटलं मला. जुनी म्हण आहे म्हणून डोक्यावर घ्यायलाच पायजे असं काय नाही.

शेवटी गुळाच्या वाचेची ठरली. खडूची दोरी मारून हातानं अक्षरं काढली, 'गूळ' दीर्घ आणि 'गुळाची' ऱ्हस्व, न सांगता बरोबर. शिरोरेषा एका दमात ओढली, तेव्हा आम्ही दोघंतिघं बोलायचंच थांबलो होतो.

तक्रार एकच, दोन दिवस सांगून पाच लावले, तोवर भाड्याची गाडी करावी लागली, आधी सांगायला पायजे होतं. पैसे 1200, वॉर्निश धरून, मला जास्त वाटले नाहीत.

परवा यार्डात गुळाचे रवे (ढेपा) उतरवताना एक हमाल 'गूळ नाही पण' एवढंच मोठ्यानं वाचून थांबला, पलीकडच्या गाडीवरनं दुसऱ्यानं न बघताच पुरी केली. पुढच्या आठवड्यात भावाची रिक्षा नेतोय, त्याला दोनच शब्द पायजेत, 'नाद खुळा'.