वीस रुपये, पण कशाचे?

होळीच्या आधीचा आठवडा होता. कूलर अजून माळ्यावरून उतरला नव्हता. गॅलरीत आणि खिडकीच्या जाळीत मिळून माझ्या बावीस कुंड्या. गुलाब, मोगरा, गोडलिंब, पुदिना, दोन टमाटरची झाडं, आणि जाळीतल्या लांबट ट्रेमध्ये सांबार (म्हणजे कोथिंबीर) नि सदाफुली. आम्ही नागपुरात मानेवाड्याला पहिल्या मजल्यावर राहतो, त्यामुळे रस्त्यावरून सगळं दिसतं.

सायकलवर पोतं बांधलेला एक माणूस खालून म्हणाला, "काकू, गुलाबाला कळ्या कमी येतात ना? सेंद्रिय खत आहे. वीस रुपये फक्त."

कळ्या कमी येतच होत्या. पण कोणाच्याही गॅलरीकडे बघून हे बोलता येतं, एवढं तेव्हा सुचलं नाही. कुंडीला वीस, म्हणजे चारशे चाळीस, असा हिशेब करून मी दार उघडलं. वीस कशाचे, हे विचारलंच नाही. इथेच माती खाल्ली.

सोबतचा पोरगा खुरप्याने माती उकरायचा, हा औषधाच्या बाटलीच्या झाकणाने काळसर भुकटी टाकायचा. मधेच मला पाणी आणायला पाठवलं, मग जुना पेपर मागितला. मी परत आले तर काम संपलेलं आणि माती सारखी केलेली.

"एकशे अडुसष्ट झाकणं. तीन हजार तीनशे साठ."

वीस रुपये झाकणाचे होते म्हणे! मी म्हटलं, काढून घ्या तुमचं खत. तर तो आवाज चढवून, "मातीत मिसळलेलं कसं काढू? गरिबाच्या पोटावर पाय देता का?" समोरच्या वहिनी दारात आल्या. हे ऑफिसात, घरी मी एकटी. लाजेपायी पंधराशे रुपये काढून दिले. पंधराशेचं मला वाटलं नाही तितकं, त्या लाजेचं वाटतं.

तिसऱ्या दिवशी पुदिन्याच्या पानांच्या कडा करपल्या. सांबार तर उकळतं पाणी ओतल्यासारखा बसला. काटोलला माझा मामेभाऊ संत्र्याची बाग करतो, त्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, "ताई, वर दाणे दिसतात का? पाण्यात टाकून बघ." वाटीत थोडे दाणे टाकले. भराभर विरघळले आणि वाटी हाताला गार लागली. "युरिया आहे. शेणखताच्या भुकटीत मिसळलाय." युरियात 46 टक्के नत्र असतं. कुंडीतल्या इवल्याशा मातीत तो जास्त झाला की मुळांनाच पाणी मिळत नाही, वरून आपण कितीही घाला.

त्याच्या सांगण्यावरून वरची दोन बोटं माती खरवडून फेकली आणि प्रत्येक कुंडीत खालच्या भोकातून धार लागेस्तोवर पाणी सोडलं, तेही तीन-तीनदा. गुलाब, मोगरा, गोडलिंब वाचले. टमाटरचं एक झाड गेलं. जाळीतल्या ट्रेना मी पाणी खालच्यांकडे गळू नये म्हणून भोकंच पाडली नव्हती, ते दोन्ही पूर्ण गेले. तो दोष माझाच.

भावाने आणखी एक सांगितलं. खत नियंत्रण आदेश, 1985 प्रमाणे खत विकणाऱ्याकडे अधिकारपत्र लागतं आणि पावती द्यावीच लागते. याच्या पोत्यावर ना नाव होतं ना घटक. तेव्हा कोणी दारात आलाच तर भाव कुंडीचा, किलोचा की झाकणाचा, ते आधी वदवून घ्या. शक्य तर कागदावर लिहून घ्या. आणि तो टाकत असताना पाणी काय, पेपर काय, कशासाठीही आत जाऊ नका.

गडबडीत तो खतवाला झाकण मोगऱ्याच्या कुंडीत विसरून गेला. उरलेली भुकटी त्यात भरून मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. आठ ग्रॅम. एकशे अडुसष्ट झाकणं खरंच टाकली असं धरलं, तरी सव्वा किलोच्या थोडं वर. भाऊ 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना आणतो. माझ्या कुंड्यांत सगळा युरियाच गेला असता, तरी तो आठ रुपयांचा झाला असता.