कोल्हापूरहून हामटा खोऱ्यात: स्नोशू, स्की आणि वाटेतले नाले

कोल्हापुरातील एका ट्रेकिंग संस्थेने फेब्रुवारीअखेरीस मनालीजवळच्या हामटा खोऱ्यात नेलेल्या हिवाळी मोहिमेविषयी मी सविस्तर लिहीत आहे, कारण पन्हाळा ते पावनखिंड ही पावसाळी वाट अनेकदा तुडवलेल्या आपल्याकडच्या मंडळींना आता बर्फाची ओढ लागली आहे आणि पैसे भरण्यापूर्वी नेमके काय विचारावे, हे त्यांना ठाऊक असायला हवे.

मोहीम सेथान गावातून सुरू होते आणि जोबराच्या दिशेने खोऱ्यात शिरते. सुमारे ४,२७० मीटर उंचीवरील हामटा खिंड गाठण्याचा कार्यक्रम नाही आणि माहितीपत्रकात तसे स्वच्छ छापलेले आहे, हे मला आवडले. नवख्यांना स्नोशू, म्हणजे पाय बर्फात रुतू नयेत म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी, मिळतात. टूरिंग स्की मात्र आधी स्की शिकलेल्यांनाच देतात. या स्कीवर चढताना टाच मोकळी राहते आणि उतरताना ती जखडता येते. तळाला चिकटवलेल्या केसाळ पट्ट्या, म्हणजे स्किन, चढावर मागे घसरू देत नाहीत.

या संस्थेचे खरे कौशल्य मला नाल्यांवर दिसले. ओढे ओलांडण्याचा सराव आपल्याला असतो, पण तो जुलैच्या कोमट पाण्याचा. येथे पाय काही क्षणांत बधिर होतात आणि तळाचा दगड हलतो की नाही, हे कळेनासे होते. लीडरने सर्व नाले सकाळी लवकर ओलांडण्याचे वेळापत्रक शेवटपर्यंत पाळले, कारण रात्रीच्या गारठ्याने बर्फाचे वितळणे थांबून पाणी उतरलेले असते आणि नाल्यावर साचलेल्या बर्फाचे नैसर्गिक पूलही तेव्हाच टणक असतात. प्रत्येकाने सॅकचा कमरेचा व छातीचा पट्टा सोडायचा, पोलच्या, म्हणजे हातातल्या आधाराच्या काठ्यांच्या, दोऱ्या मनगटातून काढायच्या आणि प्रवाहाकडे तोंड करून आडवे सरकायचे, असा शिरस्ता होता. पाण्यात उतरणाऱ्या कोणालाही दोर बांधला नाही. तोल गेल्यास ताणलेला दोरच माणसाला पाण्याखाली दाबून धरतो, हे त्यांनी आदल्या संध्याकाळी समजावले होते. अनवाणी उतरण्यासही सक्त मनाई होती. त्यासाठी निओप्रीनचे, म्हणजे रबरासारख्या उबदार कापडाचे, मोजे आणि जुने सँडल आणायला सांगितले होते. कोरडे लोकरी मोजे सॅकमध्ये सर्वांत वर ठेवायचे.

स्की सॅकला बांधूनच पाणी ओलांडावे लागे. स्किन भिजली आणि तशीच थंड बर्फावर टेकली, तर केसांत बर्फ धरतो आणि पावलागणिक ढेकळे चिकटून स्की उचलवत नाही. आमच्यापैकी एकाची स्किन शिंतोड्यांनी भिजली, तेव्हा गाईडने ती स्कीच्या कडेवर घासून पाणी निपटले, जॅकेटच्या आत अंगाशी धरून वाळवली आणि मगच पुन्हा चिकटवली. एवढा वेळ सगळा गट शांतपणे थांबला. कोणी घाई केली नाही.

आता तक्रार, आणि ती गंभीर आहे. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्याचा शोध घेणारे ट्रान्सीव्हर फक्त लीडर आणि गाईडजवळ होते. ४५७ किलोहर्ट्झवर चालणारे हे उपकरण गाडल्या गेलेल्या माणसाच्या अंगावरच नसेल, तर त्याचा संदेश कोठून येणार? पहिल्या सुमारे १५ मिनिटांत बाहेर काढलेल्यांची वाचण्याची शक्यता मोठी असते, पुढे ती झपाट्याने घटते. म्हणजे वाचवणारे हात सोबत्यांचेच असतात. वाट ३० ते ४५ अंशांच्या धोकादायक उतारांपासून दूर आखली होती, हे मान्य. तरीही प्रत्येकाला ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपण्याची लांब काठी) आणि फावडे देऊन एक सकाळ शोधाचा सराव घ्यायलाच हवा. मी संस्थेला हे लेखी कळवले आहे.

जेवण साधे, गरम आणि पुरेसे होते. तंबूही चांगले. स्कीचे बूट मात्र मनालीत ऐनवेळी वाटले गेले आणि दोघांना घट्ट झाले. कोल्हापुरातच पायांची मापे घेऊन ती आधी मनालीला कळवणे अवघड नाही.

पावसाळी ट्रेक नियमित करणाऱ्या आणि थंडीत ओले राहण्याचा धोका जाणणाऱ्या माणसाने या संस्थेबरोबर स्नोशूवर जरूर जावे. स्कीवर जायचे असेल, तर सर्वांना ट्रान्सीव्हर मिळणार असल्याचे लेखी उत्तर हाती आल्यावरच आगाऊ रक्कम भरावी.