राजारामपुरीतलं माशांचं दुकान : जाळीवाल्या मामांना ५ स्टार, पंपाला २

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, थोडी तक्रार पण आहे म्हणून. पोराच्या हट्टापायी २ फुटी टँक आणि ८ झेब्रा डॅनिओ घेतले. मासे काढायला मीच हौसेनं जाळी मारली तर जाळी पोचायच्या आधीच सगळे पसार. तिथले मामा म्हणाले, "ओ साहेब, तुम्ही पाणी ढकलताय, त्यांना आधीच कळतंय." मग त्यांनी जाळी एवढी हळू सरकवली की आठच्या आठ मासे बसल्या जागी जाळीत. नादच खुळा!

घरी येऊन वाचलं तर मामा शंभर टक्के बरोबर. रोहू आणला की कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बारीक भोकांची रेघ दिसते बघा, ती पार्श्वरेषा. त्या भोकांच्या आत आणि थोड्या वर कातडीवर पण केसवाल्या पेशी असतात, डोक्यावर जेलीची टोपी, पाणी हललं की टोपी कलते आणि खबर मेंदूला. शिकारी मासा अंगावर येताना पुढचं पाणी ढकलतच येतो ना. मेंदूच्या मागच्या भागात माउथनर नावाच्या दोन मोठ्ठ्या पेशी, धोका ज्या बाजूला तिकडची पेटते, विरुद्ध बाजूचे स्नायू आखडतात, मासा इंग्रजी सी सारखा वाकतो आणि सुटतो. आपली पापणी लवायच्या आत हे सगळं.

आता तक्रार. काउंटरवर मालकांनी "मोठाच घ्या" म्हणून जो पंप गळ्यात मारला त्यानं टँकची पंचगंगा झाली, पुरातली. मासे दोन दिवस झाडामागं कोपऱ्यात चिकटून. पोहून दमत असतील ते वेगळंच, पण एवढ्या धारेत बारीक हालचाल कळणार कशी, गणपतीत डॉल्बीसमोर उभं राहून कुणाची हाक ऐकू येते का? (आपल्या कानात पण तसल्याच केसवाल्या पेशी असतात, फरक एवढाच की माशांच्या मेल्या तर परत उगवतात, आपल्या नाही. डॉल्बीवाल्यांनी वाचावं.) पंप परत न्यायला गेलो तर "पाण्यात गेलेला माल परत घेत नाही" म्हणे. शेवटी साधा स्पंज फिल्टर घेतला, संध्याकाळपर्यंत आठही जण मध्यभागी फिरायला लागले.

मासे घ्यायचे तर संध्याकाळीच जावा, मामा तेव्हाच असतात. पंपाचं पण त्यांनाच विचारा.