फिरत्या पंखांचा नकली होला: १ सप्टेंबरआधी तपासून घ्या

अमेरिकेत बऱ्याच राज्यांत १ सप्टेंबरला होल्यांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्यासाठीचं हे बॅटरीवर पंख फिरवणारं प्लास्टिकचं पाखरू. पंखांची एक बाजू पांढरी, दुसरी गडद. त्या लुकलुकीनेच लांबचे होले वळतात. खरी गोची पंख धरणाऱ्या चुंबकात. पंख जरा तिरका बसला की थरथर सुरू होते, मोटरवर ताण येतो आणि पंख गळून गवतात हरवतो. जादा जोडी जवळ ठेवाच. गेल्या हंगामाचे सेल आतच राहिले असतील तर टोकं गंजलेली सापडतील. पॉलिश पेपरने घासा. कापलेल्या सूर्यफुलाच्या शेतात, बसल्या जागेपासून वीसेक यार्डांवर, उघड्यावर रोवा. जोराच्या वाऱ्यात मात्र बिनकामाचं. आणि बंदुकीतला प्लग, म्हणजे काडतुसांची जागा कमी करणारा दांडा, तपासा: तीनपेक्षा जास्त काडतुसं मावणं संघीय नियमात बसत नाही.